रूथ, तुला सोवळी म्हणाले त्याबद्दल

नगर,
शनिवार, रात्री साडेदहा

प्रिय रूथ,

प्रभूच्या नावात सलाम.

मंगळवारपासून फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तिथे तू निळ्या खुणा दाखवून गप्प बसतेस आणि मग मला रात्रभर डोळा लागत नाही. सकाळी सातच्या गाडीने वरच्या मजल्यावरचा बंटी पुण्याला चाललाय. त्याच्याकडे हे पाकीट आणि डबा देते. डब्यात धपाटे आहेत आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे उद्याच संपव, चटणी टिकेल. डबा मात्र परत पाठव. झाकणावर आजीचं नाव आहे.

पैशांचं या पत्रात काही विचारायचं नाही असं ठरवून बसलेय. फ्लॅटचा हप्ता पाच तारखेला जातो हे मला माहीत आहे आणि तुलाही माहीत आहे. तेव्हा तो विषय नाही.

विषय त्या शब्दाचा आहे. गेल्या शनिवारी रात्री तुमच्या औषधांच्या गोदामातली वीज गेली, जनरेटर लागलाच नाही, कोल्ड रूमचं तापमान नोंदवणारं यंत्रही बंद पडलं आणि सोमवारी साहेबांनी रजिस्टर तुझ्यापुढे सरकवलं. नऊ तासांचे रकाने कोरे. चार, पाच, चार, साडेचार असं काहीतरी भर आणि खाली सही ठोक. तू ठोकली नाहीस. मंगळवारी राजीनामा देऊन बाहेर पडलीस. हे सगळं तू एका दमात सांगत होतीस, आवाज कापत होता तुझा, आणि मी काय म्हणाले? "सगळेच करतात गं. तूच एकटी सोवळी कशाला?"

तू म्हणालीस, "आई, रविवारी पवित्र, पवित्र, पवित्र गातेस आणि मंगळवारी मला खोटी सही कर म्हणतेस." आणि फोन ठेवलास.

स्पीकर चालू होता. पप्पा समोरच बसले होते. काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. झोपायच्या वेळी दिवा मालवताना म्हणाले, "सोवळी. आपल्या घरात कुठून आला गं हा शब्द?"

आजीची विहीर तुला ठाऊक आहे. नेवाशाकडची. दोन्ही हातांची ओंजळ करून खाली वाकून उभं राहायचं आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचं. पोहऱ्याला ओंजळ लागू नये म्हणून चांगलं हातभर उंचावरून. निम्मं पाणी कोपरावरून मातीत. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, गावातले लोक पत्र वाचून घ्यायला त्यांच्याकडे यायचे, तरी मास्तरांच्या पोरीला पाणी वरूनच. आजी हे सांगताना रडायची नाही. नकळत कोपर पुसायची. मरेपर्यंत. तू बघितलंयस ते, फक्त तुला कारण माहीत नव्हतं.

एक गोष्ट तिने मला एकदाच सांगितली होती. लहान असताना तिला आपल्या ख्रिस्ती देवळातला ‘पवित्र’ हा शब्द आवडायचा नाही. गावात पवित्र म्हणजे लांब उभी राहा. मग पाळकसाहेब म्हणायचे, देव पवित्र आहे, अतिपवित्र आहे. तिला वाटायचं, म्हणजे हासुद्धा वरूनच ओतणार.

आणि पलीकडच्या बाजूने आलेल्या माणसालाही ते सोपं गेलं नाही. ब्राह्मण घरातल्या कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाच वर्षं लागली. देवाबद्दलच्या शंका एकवेळ बाजूला ठेव, हातातलं सोवळं सुटायला किती दिवस गेले ते त्यांनी आपल्या आठवणींत काही न लपवता लिहून ठेवलंय. मला त्या बाईचं फार कौतुक आहे. आपल्या या नगरातच त्यांचे दिवस गेले, आणि आपल्याकडच्या पोरींना त्यांचं नाव फक्त स्पर्धा परीक्षेपुरतं माहीत.

बघ, कुठे गेले मी. हे सांगायचं नव्हतं.

सांगायचं हे की सोवळं आणि पवित्रता यांतला फरक मी तुला शिकवायला हवा होता, आणि ऐन वेळी मीच दोन्हींची गल्लत केली. उपवासकाळातल्या अभ्यासवर्गात आमचे पाळकसाहेब म्हणाले होते की ‘पवित्र’साठी इब्री, म्हणजे हिब्रू भाषेत जो शब्द आहे, कादोश, त्यात वेगळं काढून ठेवलेलं असा अर्थ आहे. मी हात वर केला. म्हटलं, साहेब, वेगळं काढणं आम्ही फार बघितलंय, त्यात आमचीच माणसं वेगळी काढली जात होती. ते हसले नाहीत. म्हणाले, सिस्टर, घरी जाऊन बायबलातला लेवीयचा एकोणिसावा अध्याय वाचा.

तेव्हा वाचला नाही. या बुधवारी वाचला, पेन्सिल घेऊन. सुरुवातच अशी की मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र असा. मला वाटलं आता वेदी, धूप, याजकांची वस्त्रं येणार. तर खाली काय? शेताच्या कडेकोपऱ्यापर्यंत कापणी करू नका, गरिबाला आणि परक्याला राहू द्या. चोरी नको, लबाडी नको. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. आणि शेवटाकडे तराजू खरा असू द्या, वजनं खरी, मापं खरी. मी पप्पांना म्हटलं, हे तर वजनमाप खात्याच्या इन्स्पेक्टरने लिहिल्यासारखं आहे. मधे दोन प्रकारच्या सुताचं कापड घालू नका असंही आहे, म्हणजे माझा बत्तीस वर्षांचा टेरिकॉटचा युनिफॉर्म बाद. आणि गोंदवून घेऊ नका, म्हणजे पणजीचं कपाळ बाद. त्या दोन ओळींचं काय करायचं ते पाळकसाहेबांना विचारीन. पण खऱ्या मापाच्या ओळीखाली मी पेन्सिलीने रेघ मारली आणि मग बराच वेळ ती रेघच बघत बसले.

तुझं नाव आजीने ठेवलं ते याच अध्यायामुळे. शेताच्या कडेला सोडलेली ती कणसं वेचायला शास्त्रातली रूथ गेली, म्हणून तिचं पुढचं सगळं झालं. कोणीतरी कडा सोडून कापणी केली होती म्हणून. आजी स्वतः उसनं आणलेलं पीठ परत करायची ते मापाला शीग लावून. मला राग यायचा. आपल्याच डब्यात पीठ नाही आणि शेजारणीला शीग! ती म्हणायची, काठोकाठ दिलं तर हिशेब फिटतो, शीग दिली तर माणूस राहतो. आणि मी तिची लेक, तिच्या नातीला म्हणाले, भर चार-पाच-चार.

आता मी जे लिहिणार आहे ते पप्पांनाही माहीत नाही. पत्र वाचून झालं की फाडलंस तरी चालेल.

मॉपची गोष्ट तुम्ही पोरांनी शंभर वेळा ऐकली आहे. ऑपरेशनमध्ये रक्त टिपायच्या कापडी घड्यांच्या मोजणीत एक मॉप कमी, सर्जन म्हणतात टाके घालतो, आणि नवीन लागलेली चोवीस वर्षांची नर्स मी म्हणते, "सर, काउंट करेक्ट नाही, मी सही करणार नाही." आणि मग तो मॉप बादलीच्या तळाशी चिकटलेला सापडतो. आत काहीच राहिलं नव्हतं, पण मेट्रनने पाठ थोपटली, आणि मी ती गोष्ट प्रत्येक नाताळात सांगितली. खरी आहे ती. शब्द न् शब्द खरा.

दुसरी गोष्ट त्याच वर्षातली आहे, १९८४. डिसेंबर. पुरुषांचा सर्जिकल वॉर्ड, नाइट ड्यूटी, बत्तीस खाटा, मी एकटी. आया आली नव्हती. रात्रीतून दोन अ‍ॅडमिशन, एकाला सारखी उलटी. पहाटे चारचं टीपीआर घ्यायचं असतं, तापमान, नाडी, श्वास. वॉर्डात थर्मामीटर तीन, त्यातला एक फुटलेला. काखेत धरून प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं म्हटली तर बत्तीस जणांना किती वेळ लागतो ते तूच काढ. मी टेबलापाशी बसले, चार्टांची चळत ओढली आणि लिहीत सुटले. ९८.४. ९८.६. ९८. नाडी ७६, ७८, ८०. एकसारखं वाटू नये म्हणून मधे एकाला ९९ दिलं. ते नव्व्याण्णव मला अजून आठवतं. खोटं खरं दिसावं म्हणून टाकलेलं.

अकरा नंबरच्या खाटेवर पाथर्डीकडचा एक ऊसतोडणी कामगार होता. फुटलेलं अपेंडिक्स, ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. सकाळी सहाला त्याला हुडहुडी भरली, १०३ ताप. डॉक्टर आले, चार्ट उचलला, म्हणाले, "चारला नॉर्मल होता ना? म्हणजे आत्ताच चढलाय." कागदावर विश्वास ठेवला त्यांनी. का नाही ठेवणार? माझी सही होती. जखम पुन्हा उघडावी लागली, तो आणखी वीस दिवस पडून राहिला. चारलाच कळलं असतं तर काही बदललं असतं का, ते मला चाळीस वर्षांत समजलेलं नाही. कदाचित नसतं. ‘कदाचित नसतं’ हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल!

घरी जाताना त्याची बायको आली. त्यांचे बैल, गाडी, पोरं, सगळं कारखान्याजवळच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर पडलेलं, हंगामाचे वीस दिवस बुडालेले. तिने फडक्यात बांधलेल्या दोन बाजरीच्या भाकरी आणि गुळाचा खडा माझ्या हातात ठेवला. "ताई, तुमच्यामुळं वाचला." भाकरी गरम होती. कुठे चूल पेटवली असेल तिने त्या आवारात, कोण जाणे. मी ड्यूटी रूममध्ये गेले, एक तुकडा तोंडात घातला आणि तो गिळता येईना.

पुढच्या रविवारी प्रभूभोजन होतं. भाकरीची ताटली माझ्यापर्यंत आली आणि मी तुकडा न घेता ती तशीच पुढे दिली. शेजारी आजी बसली होती. घरी येताना तिने विचारलं, का गं? म्हटलं, पोट बरं नाही. तेही खोटंच.

म्हणून मंगळवारी तू चार-पाच-चार म्हणालीस तेव्हा मी तुझं ऐकतच नव्हते, रूथ. मला ते टेबल दिसत होतं. आणि माणसाला स्वतःची जुनी लाज दिसली की तो समोरच्याला सोवळा म्हणतो. एवढंच झालं. मी तुला जे बोलले ते तुला नव्हतं. पण लागलं तुला, आणि त्याची मी माफी मागते. आईने लेकीची मागावी तशी तोंडातल्या तोंडात नाही, नीट मागते.

पप्पांचं इन्सुलिन फ्रिजच्या दारात, तुझ्या जुन्या कंपासपेटीत असतं. दोन ते आठ अंश. हे आकडे मी नर्स म्हणून तोंडपाठ सांगते, पण त्या बाटलीमागे किती रजिस्टरं असतील याचा विचार कधी केला नव्हता. कारखान्यातलं, गाडीतलं, गोदामातलं, दुकानातलं. बुधवारी संध्याकाळी सुई भरताना हात थांबला. बाटली उजेडात धरून बघितली. काय दिसणार? इन्सुलिन उन्हात तापून निकामी झालेलं असलं तरी पुष्कळदा डोळ्यांना कळत नाही, सगळा भरवसा कोणीतरी खरं लिहिलं असेल यावरच. पप्पा म्हणाले, "काय बघतेस?" म्हटलं, "काही नाही, रूथची सही शोधतेय." ते हसले. मग म्हणाले, "बरोबर केलं पोरीने." तीन दिवसांत एवढं एकच वाक्य बोललेत ते, तेवढं तुला कळवते.

मला अभिमान वाटतो का? वाटतो. इतका वाटतो की भीती वाटते. तुझ्या वयात मी मॉपची सही नाकारली तेव्हा मागे कुणी नव्हतं, ना घर ना कर्ज. तुझ्या डोक्यावर वाघोलीचा फ्लॅट आहे. अठरा हजार चारशे ही रक्कम काही... जाऊ दे. विषय तो नाही म्हटलं ना.

आता एक सांगते, ते आई म्हणून ऐक. तुझ्या त्या सहकाऱ्याबद्दल तू फोनवर ज्या सुरात बोललीस तो सूर मला आवडला नाही. तू नाही म्हणालीस म्हणून रजिस्टर त्याच्याकडे गेलं आणि त्याने सही केली. चूक केली. पण त्याला दोन लहान मुलं आहेत असं तूच मागे सांगितलं होतंस. "असल्या माणसांबरोबर एका टेबलावर बसायचं नाही मला," हे तुझे शब्द. अगं, हेच तर सोवळं! आपण स्वच्छ, तो विटाळलेला, मधे हातभर अंतर. खरं बोलणाऱ्या माणसाला हा रोग पटकन जडतो, मला जडला होता. मॉपच्या गोष्टीनंतर चार महिने मी वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टरांकडे कशी बघायची ते आठवलं तरी मान खाली जाते, आणि त्याच चार महिन्यांच्या शेवटी तो डिसेंबर आला.

हाग्गय संदेष्ट्याच्या पुस्तकात एक विचित्र प्रश्न आहे. याजकांना विचारलंय: वस्त्राच्या पदरात पवित्र मांस आहे आणि तो पदर भाकरीला लागला, तर भाकरी पवित्र होते का? ते म्हणतात, नाही. आणि प्रेताला शिवलेल्या माणसाने भाकरीला हात लावला तर? विटाळते. म्हणजे विटाळ पसरतो, पवित्रता पसरत नाही. आजीच्या विहिरीचं शास्त्रही हेच होतं. आणि मग मार्कच्या पहिल्याच अध्यायात कुष्ठरोगी पुढे येऊन गुडघे टेकतो आणि येशू हात पुढे करून त्याला शिवतो. नुसत्या शब्दाने बरं करता आलं असतं, इतर ठिकाणी केलंयही तसं. इथे शिवला. आणि विटाळ याच्याकडे आला नाही, याच्याकडचं त्याच्याकडे गेलं.

मी हे ऑपरेशन थिएटरमध्ये रोज करत होते आणि मला कळलं नव्हतं. स्क्रब झालं, ग्लोव्हज चढवले की हात छातीपाशी धरून उभं राहायचं, कशालाही लावायचे नाहीत. दाराला नाही, स्वतःच्या नाकाला नाही. नवीन पोरींना वाटतं, केवढं सोवळं! पण ते हात तसे कशासाठी ठेवायचे? पुढच्या क्षणी कोणाच्या तरी फाटलेल्या पोटात, पुवात, रक्तात घालायला. जखमेला लावायचेच नसतील तर निर्जंतुक हातांचं करायचं काय? लोणचं?

तेव्हा त्या पोराला एक फोन कर. उपदेश करू नकोस, कसा आहेस एवढंच विचार. तोही रात्री जागाच असेल.

झालं, सुरू झालं माझं भाषण. दादा म्हणतो, आईला संडे स्कूलच्या पोरांची सवय झालीय, मोठ्या माणसांशी बोलताना पण फळा शोधते. माफ कर. तू काय करायचं ते तुला कळतं, मंगळवारीच ते सिद्ध झालंय.

पणजीचं मात्र सांगते, ते भाषण नाही. छप्पनच्या, म्हणजे संवत १९५६च्या (इ. स. १८९९-१९००) दुष्काळात ती केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात पोहोचली, आठ-नऊ वर्षांची, पोट पाठीला लागलेलं. १९०५ साली तिथे जे संजीवन, म्हणजे भक्तीची मोठी जागृती, झालं ते तिने डोळ्यांनी पाहिलं. पोरी रात्र-रात्र रडत प्रार्थना करत होत्या, उभं राहून आपली पापं कबूल करत होत्या. मंडळीत सगळे तिला त्याबद्दलच विचारायचे. ती दोन वाक्यांत संपवायची आणि छापखान्याबद्दल तासभर बोलायची. खिळे जुळवायचं काम होतं तिचं. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीकवरून मराठीत केलेलं पवित्र शास्त्र तिथेच, बायकांच्या हातांनी छापलं गेलं. उलट्या अक्षरांच्या ओळी, एकेक वेलांटी चिमट्याने उचलून बसवायची. पणजी म्हणायची, रडणं महिनाभर चाललं, वेलांट्या कैक वर्षं चालल्या. तिची बोटं शेवटपर्यंत टोकाशी चपटी होती. आजीच्या डब्याच्या झाकणावरचं नाव बघ, भांडीवाल्याने वेलांटी चुकीची घातली होती म्हणून पणजीने ते परत पाठवून नीट करून आणलं होतं. दोनदा घासल्याच्या खुणा दिसतील.

त्या झाकणावरून आठवलं. जखऱ्याच्या शेवटच्या अध्यायात आहे. प्रमुख याजकाच्या पागोट्यावर सोन्याची पट्टी असायची आणि तिच्यावर ‘परमेश्वरासाठी पवित्र’ असं कोरलेलं. जखऱ्या म्हणतो, एक दिवस येईल, तेच शब्द घोड्यांच्या घंटांवर असतील, आणि यरुशलेमेतलं हरेक भांडं पवित्र होईल. हरेक भांडं! आपल्याकडे लग्नात भांड्यावर नाव घालतात तसं, पातेल्यावर, तव्यावर, डब्यावर. मी हा भाग वाचताना पूर्वी अकरा नंबरच्या खाटेवरच्या त्या माणसाच्या बैलांचा विचार कधी केला नव्हता. आता घुंगरमाळा ऐकू येतात.

उद्या महिन्याचा पहिला रविवार, प्रभूभोजन आहे. वेदीपाशी दान ठेवताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असं लिहिलंय. भावाच्या जागी लेक धरायची. पण वाघोलीला येऊन परत नऊच्या उपासनेला कसं पोचणार, म्हणून हे पत्र. ते तुला माझ्या ताटलीच्या आधी मिळणार नाही. प्रभूला एसटीचं वेळापत्रक माहीत असेल.

आणि एक कबुली राहिलीच. काल पाळकीणबाई भेटल्या. म्हणाल्या, रूथचं कसं चाललंय? मी म्हणाले, छान, दुसरीकडे मोठ्या पगारावर बोलावलंय तिला. पटकन निघून गेलं तोंडातून. दोन दिवस लेवीय घेऊन बसलेली बाई! उद्या उपासनेनंतर त्यांना गाठून खरं सांगणार आहे: माझ्या मुलीने खोटी सही केली नाही, म्हणून ती सध्या घरी बसलीय. आरशासमोर दोनदा म्हणून बघितलं. दुसऱ्यांदा बरं जमलं.

पप्पांची शुगर सकाळी १४२ होती. पाय ठीक आहेत. दादाला मस्कतला यातलं काही कळवलेलं नाही. तू पण सध्या बोलू नकोस.

रात्री दार आतून लावून झोप. जेवत जा. फोन उचल.

तुझी,
आई

ता. क. पाकिटात खाली टाचणीने लावलेला चेक पप्पांचा आहे. पावसाळ्यात गच्चीच्या कामासाठी ठेवलेली मुदत ठेव त्यांनी गुरुवारी मला न विचारता मोडली. रागावू नकोस आणि परत पाठवू नकोस, गच्ची आणखी एक पाऊस काढेल.

ता. क. २. पाच तारखेचं काय ते मात्र कळव. विचारणार नव्हते.